साक्ष आणि मत : ब्रिटिश संसदेतील बिशपांची बाके

ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, रोजचे कामकाज प्रार्थनेने सुरू होते. ती प्रार्थना बिशप सांगतात. प्रार्थना झाली की त्या दिवसाचे बिशप निघून जात नाहीत. पांढऱ्या घोळदार बाह्यांचा तो धर्मवेश तसाच ठेवून ते सरकारी बाजूच्या बाकांवर जाऊन बसतात. त्यांच्या पुढच्या बाकाच्या टोकांना हात आहेत. सभागृहातल्या दुसऱ्या कोणत्याही बाकाला ते नाहीत. या बाकावरून बिशपांना मंत्र्याला प्रश्न विचारता येतो, भाषण करता येते, विधेयकावर दुरुस्ती मांडता येते आणि मतही देता येते.

अशा २६ जागा आहेत. कँटरबरी आणि यॉर्कचे आर्चबिशप आणि लंडन, डरहॅम व विंचेस्टरचे बिशप हे पाच जण पदामुळेच येतात. उरलेल्या २१ जागा ज्येष्ठतेने भरतात. २०१५ च्या कायद्याने स्त्री-बिशपांना त्यात काही वर्षांसाठी अग्रक्रम मिळाला आणि ग्लॉस्टरच्या रेचल ट्रीवीक या त्या बाकावरच्या पहिल्या स्त्री ठरल्या. सत्तराव्या वर्षी बिशप निवृत्त होतो, तेव्हा जागाही सुटते. हे सगळे चर्च ऑफ इंग्लंडचे, म्हणजे अँग्लिकन पंथाचे. आपल्याकडे हा शब्द फारसा कानावर पडत नाही. मुंबईच्या फोर्टातले सेंट थॉमस कॅथीड्रल ही या पंथाची इथली जुनी खूण. पण उत्तर आणि पश्चिम भारतातले अँग्लिकन १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात इतर प्रोटेस्टंट पंथांबरोबर सामील झाले. इंग्लंडात मात्र ते आजही राज्याचे अधिकृत चर्च आहे आणि राजा त्याचा सर्वोच्च प्रमुख.

निवडणूक न लढवता केवळ धर्मपदामुळे कायदेमंडळात बसणे लोकशाहीत बसते का, हा वाद तिकडे जुना आहे. तो बहुधा तत्त्वाच्या पातळीवर चालतो. एक बाजू म्हणते, ही मध्ययुगाची शिल्लक आहे. दुसरी बाजू म्हणते, राजकारणात नैतिकतेचा एक तरी आवाज हवा. मला या दोन्ही बाजूंपेक्षा नोंदी जास्त उपयोगाच्या वाटतात. हॅन्सार्ड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या चर्चांचे इतिवृत्त, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आज घरबसल्या वाचता येते. गरिबी, शिक्षा, विवाह, निर्वासित अशा सामाजिक धोरणाच्या प्रश्नांवर या बाकांनी प्रत्यक्षात काय केले, हे त्यातून तपासता येते. ते तपासताना बिशपांच्या दोन कामांत फरक करावा लागतो, असे मला दिसले. एक काम साक्ष देण्याचे, दुसरे मत देण्याचे. या दोहोंचा हिशेब वेगळा मांडला की चित्र बरेच स्पष्ट होते.

मतांचा हिशेब

धर्मसुधारणेपूर्वी बिशप आणि मठाधिपती मिळून लॉर्ड्समध्ये बहुसंख्य असत. आठव्या हेन्रीने १५३० च्या दशकात मठ बरखास्त केले आणि ते बहुमत गेले. १६४२ मध्ये बिशपांना सभागृहातून काढून टाकण्यात आले. १६६१ मध्ये ते परतले. १८४७ मध्ये नवे धर्मप्रांत निर्माण होऊ लागले तेव्हा जागा वाढवायच्या नाहीत असे ठरले आणि २६ हा आकडा कायम झाला.

गरिबांच्या बाजूने बोलणारे म्हणून आज बिशपांची जी ओळख आहे, ती घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाकडे गेले तर धक्का बसतो. १८१० साली सर सॅम्युएल रॉमिली यांनी एक विधेयक आणले होते. दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरल्याबद्दल फाशी देण्याची तरतूद रद्द करावी, एवढीच त्यांची मागणी. कनिष्ठ सभागृहाने ती मान्य केली. लॉर्ड्सने ३१ विरुद्ध ११ मतांनी फेटाळली. फेटाळणाऱ्यांत कँटरबरीचे आर्चबिशप आणि आणखी सहा बिशप होते. रोज त्याच सभागृहात क्षमेची प्रार्थना सांगणाऱ्यांना पाच शिलिंगांच्या चोरीसाठी फाशी राहावी असे वाटले. मालमत्तेचे भय किती खोल होते, हे या मतदानावरून कळते.

दुसरा प्रसंग १८३१ चा. मताधिकार वाढवणारे आणि ओसाड पडलेल्या मतदारसंघांच्या जागा काढून घेणारे सुधारणा विधेयक लॉर्ड्सने ऑक्टोबरमध्ये १९९ विरुद्ध १५८ मतांनी पाडले. विरोधात २१ बिशप होते. ते २१ जण दुसऱ्या बाजूला गेले असते तर आकडे १७८ विरुद्ध १७९ असे झाले असते आणि विधेयक एका मताने मंजूर झाले असते. हा हिशेब तेव्हाच्या लोकांनीही केला. त्या महिनाअखेर ब्रिस्टॉलमध्ये दंगल उसळली आणि बिशपांचा वाडा जाळला गेला. पाच नोव्हेंबरला गाय फॉक्सचा पुतळा जाळायची तिकडे जुनी प्रथा. त्या वर्षी अनेक ठिकाणी लोकांनी बिशपांचे पुतळे जाळले.

बिशपांची मते निर्णायक ठरल्याचा आणखी एक मोठा प्रसंग १९११ चा आहे, आणि तो उलट दिशेचा आहे. वृद्धांचे पेन्शन आणि इतर खर्च भागवण्यासाठी श्रीमंतांवर आणि जमिनीवर कर बसवणारा लॉइड जॉर्ज यांचा अर्थसंकल्प १९०९ मध्ये लॉर्ड्सने फेटाळला होता. तेव्हा यॉर्कचे आर्चबिशप कॉस्मो लँग यांनी सभागृहातल्या आपल्या पहिल्याच भाषणात, तो फेटाळू नका, असे सांगितले होते. पुढे लॉर्ड्सचा हा अधिकारच छाटणारे पार्लमेंट विधेयक आले. सभागृहाने ते अडवले तर सरकार शेकडो नवे लॉर्ड नेमणार होते. १९११ च्या ऑगस्टमध्ये ते १३१ विरुद्ध ११४ मतांनी मंजूर झाले. सरकारच्या बाजूने १३ बिशप होते, त्यांत दोन्ही आर्चबिशप. ते तेरा जण विरोधात गेले असते तर निकाल फिरला असता.

एकदा मतांनी सुधारणा अडवली, एकदा अडथळा दूर केला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत बिशपांच्या मतांना असे वजन क्वचितच आले. अलीकडच्या वर्षांत सुमारे आठशे सदस्यांच्या सभागृहात २६ जण म्हणजे शंभरात तीन. त्यातही प्रत्येकाला आपला धर्मप्रांत सांभाळायचा असतो, त्यामुळे बहुतेक दिवशी बोटांवर मोजण्याइतकेच हजर असतात. पक्ष नाही, पक्षादेश नाही. दोन बिशप परस्परविरोधी मत देऊ शकतात आणि देतातही. मतांची टोळी म्हणून पाहिले तर ही बाके दुबळी आहेत. तरीही विसाव्या आणि एकविसाव्या शतकात सरकारांना त्यांचा त्रास वाटत राहिला. तो का, हे पाहण्यासाठी दुसऱ्या हिशेबाकडे वळावे लागते.

पॅरिशमधून आलेली माहिती

चर्च ऑफ इंग्लंडची सर्वांत खालची पायरी म्हणजे पॅरिश : एक चर्च आणि त्याच्या भोवतीची वस्ती. इंग्लंडचा सगळा भूभाग अशा बारा हजारांहून अधिक पॅरिशांत वाटलेला आहे. धर्मगुरूची जबाबदारी केवळ रविवारी येणाऱ्या भाविकांपुरती नसते. तत्त्वतः ती हद्दीतल्या प्रत्येकाची असते, मग तो हिंदू असो, मुसलमान असो की नास्तिक. चर्चला येणाऱ्यांची संख्या घटत गेली, तरी ही हद्दीची कल्पना राहिली. कारखाना बंद पडला, बँकेची शाखा गेली, डॉक्टर सोडून गेला, तरी बहुतेक वस्त्यांत धर्मगुरू राहतो. बिशपाच्या टपालात येते ते अशा वस्त्यांतून.

हा अनुभव धोरणाच्या भाषेत आणण्याचे श्रेय बऱ्याच अंशी विल्यम टेंपल यांचे. युद्ध चालू असताना, १९४२ मध्ये, ते कँटरबरीचे आर्चबिशप झाले आणि त्याच वर्षी ख्रिस्ती धर्म आणि समाजरचना यांवरचे त्यांचे छोटे पुस्तक निघाले. घर, शिक्षण, रोजगार, विश्रांती यांबद्दल चर्चने बोलायचेच, पण तांत्रिक उपाय ठरवणे हे तज्ज्ञांचे आणि नागरिकांचे काम, अशी मर्यादा त्यांनी स्वतःच आखली. ‘कल्याणकारी राज्य’ ही संज्ञा इंग्रजीत रुळवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

पुढची पिढी या मर्यादेच्या कडेकडेने चालली. मायकेल रॅम्झी आर्चबिशप असताना १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी रद्द करणारे विधेयक लॉर्ड्समध्ये आले आणि त्यांनी त्याला पाठिंबा दिला. १८१० च्या त्या सात धर्मगुरूंनंतर दीडशे वर्षांत बाक किती लांब आले होते! १९६८ मध्ये केनियातल्या भारतीय वंशाच्या लोकांना, हातात ब्रिटिश पासपोर्ट असूनही, अडवणारा कायदा सरकारने तीन दिवसांत घाईघाईने उरकला, तेव्हाही रॅम्झी विरोधात उभे राहिले. दिलेला शब्द देश मोडतो आहे, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. ते त्या वेळी स्थलांतरितांविषयीच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष होते. म्हणजे विषय त्यांना फायलींतून आणि माणसांतून माहीत होता.

मग डेव्हिड शेपर्ड. क्रिकेटच्या जुन्या वाचकांना हे नाव वेगळ्या कारणाने आठवेल. १९५२ साली विजय हजारे यांच्या संघाविरुद्ध ओव्हल कसोटीत शेपर्ड यांनी ११९ धावा केल्या होत्या. २२ कसोटी सामने खेळलेला हा फलंदाज पुढे धर्मगुरू झाला, लंडनच्या गरीब पूर्व भागात राहिला आणि १९७५ मध्ये लिव्हरपूलचा बिशप झाला. गोदी बंद पडत चाललेल्या, बेकारीने पोखरलेल्या त्या शहरातून ते लॉर्ड्समध्ये आले. १९८५ मध्ये आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी नेमलेल्या आयोगाचा ‘फेथ इन द सिटी’ हा अहवाल निघाला, त्यामागे शेपर्ड यांचा मोठा हात होता. शहरांतल्या ओसाड पडत चाललेल्या वस्त्यांची स्थिती त्यात होती. सरकारला शिफारशी होत्या आणि चर्चलाही होत्या. थॅचर सरकारातल्या एका अनाम मंत्र्याने त्याला मार्क्सवादी धर्मशास्त्र म्हटले. अहवाल वाचला तर त्यात मार्क्स फारसा सापडत नाही. घरांची ओल, बेकार तरुण आणि बंद दुकाने सापडतात. सरकारला खुपले ते बहुधा हेच.

२०१२ आणि २०१६ : दोन दुरुस्त्या

बिशपांच्या कामाची पद्धत समजून घ्यायला मला दोन दुरुस्त्या सर्वांत उपयोगी वाटल्या.

पहिली २०१२ ची. डेव्हिड कॅमेरन यांच्या सरकारने एका कुटुंबाला मिळणाऱ्या सरकारी भत्त्यांच्या एकूण रकमेवर वर्षाला २६,००० पौंडांची मर्यादा घालायचे ठरवले. काम करणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या हाती जेवढे पडते, त्याहून जास्त काम न करणाऱ्याला मिळू नये, हा युक्तिवाद. लोकांना तो पटत होता. रिपन आणि लीड्सचे बिशप जॉन पॅकर यांनी मर्यादेला मुळातून विरोध केला नाही. त्यांनी तुलनेतला एक दोष दाखवला. बालभत्ता हा बेकारांचा भत्ता नाही. तो मूल आहे म्हणून, काम करणाऱ्या कुटुंबालाही मिळतो. मग एका बाजूला कमावणाऱ्याचा फक्त पगार धरायचा आणि दुसऱ्या बाजूला बेकाराच्या खात्यात बालभत्ताही मोजायचा, ही तुलना सरळ कशी? शिवाय एक मूल असो की पाच, मर्यादा तीच. म्हणून बालभत्ता या मर्यादेबाहेर ठेवावा, अशी त्यांची दुरुस्ती. २३ जानेवारी २०१२ रोजी ती २५२ विरुद्ध २३७ मतांनी मंजूर झाली.

टीका लगेच झाली, आणि सर्वांत बोचरी टीका घरातूनच आली. माजी आर्चबिशप जॉर्ज केरी यांनी वृत्तपत्रात लिहिले, की खरा नैतिक प्रश्न देशावरच्या कर्जाचा आहे; भत्त्यांची वाढती व्यवस्था गरिबांचेच नुकसान करते. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. आज घेतलेले कर्ज उद्याची मुले फेडतात, हेही खरे. पण केरी देशाच्या खतावणीबद्दल बोलत होते आणि पॅकर एका बेरजेतल्या चुकीबद्दल. खतावणी कितीही तंग असली, तरी त्यामुळे चुकीची बेरीज बरोबर ठरत नाही. कनिष्ठ सभागृहाने पुढच्याच महिन्यात आर्थिक बाबींवरच्या आपल्या विशेषाधिकाराचा आधार घेऊन दुरुस्ती काढून टाकली. चार वर्षांनी मर्यादा आणखी खाली आणली गेली : लंडनमध्ये २३,००० पौंड, बाहेर २०,०००. निकालाच्या हिशेबात पॅकर हरले.

दुसरी दुरुस्ती २०१६ ची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. २०१० च्या कायद्याने बालगरिबी उत्पन्नावरून मोजायची आणि त्याचे उद्दिष्ट गाठायचे बंधन सरकारवर घातले होते. नव्या विधेयकाने ती उद्दिष्टे रद्द केली. त्याऐवजी घरात कोणी कामावर आहे का आणि मुलांना परीक्षेत काय मिळाले, यांचा अहवाल द्यायचे ठरले. गरिबी केवळ पैशाची नसते, असे सरकारचे म्हणणे. वाक्य म्हणून ते बरोबर आहे. पण कामावर असूनही गरीब असलेली कुटुंबे ब्रिटनमध्ये वाढत असताना पैशाचे मोजमाप अहवालातून जाणार होते. डरहॅमचे बिशप पॉल बटलर यांनी दुरुस्ती मांडली, की उत्पन्नावर आधारलेला अहवालही दरवर्षी द्यावा. उद्दिष्टे परत आणा, पैसे वाढवा, असे त्यात काही नव्हते. मोजणे थांबवू नका, एवढेच. २५ जानेवारी २०१६ रोजी सरकार २९० विरुद्ध १९८ मतांनी हरले. दुरुस्ती जशीच्या तशी टिकली नाही. पण शेवटी सरकारला कायद्यातच कलम घालावे लागले, की कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध केली जाईल.

याच कायद्याने तिसऱ्या मुलापासून पुढे भत्ता नाकारणारी दोन मुलांची मर्यादाही आणली, आणि ती एप्रिल २०१७ पासून लागू झाली. बिशपांनी तीवर सतत टीका केली. बटलर यांनी २०२२ मध्ये ती रद्द करण्यासाठी लॉर्ड्समध्ये खाजगी विधेयकही आणले. ते कायदा झाले नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात मजूर सरकारने ही मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याचे जाहीर केले. याचे श्रेय एकट्या बिशपांना देणे चूक ठरेल. धर्मादाय संस्था, अर्थतज्ज्ञ आणि मजूर पक्षाचे स्वतःचे खासदार यांचा दबाव फार मोठा होता. पण मधल्या आठ-नऊ वर्षांत जो वाद झाला तो किती मुले गरिबीत आहेत या आकड्यांवर झाला, आणि ते आकडे प्रसिद्ध करण्याचे कायदेशीर बंधन २०१६ च्या त्या झगड्यातून आले होते.

दोन्ही दुरुस्त्यांत एक साम्य आहे. बिशपांनी बायबलचा आधार पुढे करून कोणाला गप्प केले नाही. हिशेब कुठे चुकतो आहे किंवा कुठे झाकला जातो आहे, ते दाखवले. त्यांना ते दिसले, कारण अन्नपेढ्या त्यांच्याच चर्चच्या सभागृहांत चालत होत्या. २०१४ मध्ये भुकेच्या प्रश्नावर खासदारांनी जी चौकशी केली, तिचे नेतृत्व मजूर पक्षाचे फ्रँक फील्ड यांच्याबरोबर ट्रुरोचे बिशप टिम थॉर्नटन यांनी केले होते, ते याच ओळखीमुळे.

स्वतःचे नियम राखताना

जिथे बिशप आपल्या संस्थेचा नियम सगळ्या देशाचा कायदा म्हणून टिकवायला गेले, तिथे त्यांचा इतिहास वेगळा आहे. मृत पत्नीच्या बहिणीशी विवाह हे त्याचे ठळक उदाहरण. आई गेली, लहान मुले मागे राहिली, मावशीने संसार सांभाळला आणि पुढे तीच आई झाली. आपल्याकडे यात कोणाला काही खटकत नाही. इंग्लंडात हा विवाह बेकायदा होता. तो कायदेशीर करण्याचे पहिले विधेयक १८४२ मध्ये आले. कायदा झाला १९०७ मध्ये. मधली ६५ वर्षे बिशपांच्या बाकांनी सातत्याने विरोध केला. या काळात किती मुलांवर अनौरसपणाचा शिक्का बसला असेल, त्याचा विचार चर्चेत फार कमी दिसतो. शास्त्रवचनांचा खल मात्र भरपूर दिसतो.

घटस्फोटाच्या बाबतीत १९६६ मध्ये त्यांनी हा धडा घेतलेला दिसतो. रॅम्झी यांनी नेमलेल्या आणि एक्झेटरचे बिशप रॉबर्ट मॉर्टिमर यांच्या अध्यक्षतेखालील गटाने असे मांडले, की चर्चच्या आत विवाहाचा नियम काहीही असो, राज्याचा कायदा दोष कोणाचा यावर न चालता विवाह कायमचा मोडला आहे का, यावर चालावा. १९६९ च्या घटस्फोट कायद्याला त्यातून वाट मिळाली. आपला नियम आणि सगळ्यांचा कायदा यांतले अंतर त्यांनी मान्य केले, तेव्हा त्यांचे म्हणणे उपयोगी पडले.

२०१३ मध्ये मात्र पुन्हा मागचीच तऱ्हा दिसली. समलिंगी विवाहाचे विधेयक रोखण्याचा ठराव लॉर्ड्सने ३९० विरुद्ध १४८ मतांनी फेटाळला. नऊ बिशपांनी ठरावाला मत दिले, पाच तटस्थ राहिले. खरे तर कोणत्याही चर्चवर असे विवाह लावण्याची सक्ती त्या विधेयकात नव्हती. इच्छामरणाच्या वादात चित्र जास्त गुंतागुंतीचे आहे. सेवेत असलेल्या बिशपांचा विरोध आहे, पण जॉर्ज केरी यांनी २०१४ मध्ये मत बदलून पाठिंबा दिला. विरोध करणाऱ्यांत सेरा मुल्लाली आहेत, ज्या धर्मगुरू होण्यापूर्वी परिचारिका होत्या, इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी होत्या आणि २०२६ मध्ये कँटरबरीच्या पहिल्या स्त्री आर्चबिशप झाल्या. त्या मरणासन्न रुग्णांच्या सेवेबद्दल बोलतात तेव्हा ती साक्ष असते, आणि ती न पटणाऱ्यानेही ऐकावी अशी असते.

शब्दाला वजन कुठून येते

साक्षीदाराची पत हीच त्याची ताकद, आणि ती गमावायला वेळ लागत नाही. जुलै २०१३ मध्ये आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी, अवाच्या सव्वा व्याजाने पगारापुरते कर्ज देणाऱ्या वोंगा या कंपनीला चर्चच्या मदतीने चालणाऱ्या पतसंस्था स्पर्धेत हरवतील, असे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी उघड झाले, की चर्चचाच काही पैसा आडवळणाने वोंगात गुंतलेला आहे.

याच वेल्बींच्या काळात बाकांनी एक धीट भूमिकाही घेतली. निर्वासितांना विमानात बसवून रवांडाला पाठवण्याच्या योजनेविरुद्ध जून २०२२ मध्ये लॉर्ड्समधल्या तेव्हाच्या सर्व २५ बिशपांनी एका पत्रावर सह्या केल्या. पुढच्या वर्षी बेकायदा स्थलांतराच्या विधेयकावर वेल्बी स्वतः बोलले. विधेयक तिथेच संपवण्याच्या प्रस्तावाला त्यांनी साथ दिली नाही, कारण निवडून आलेल्या सभागृहाला अडवणे आपले काम नाही असे त्यांचे मत. त्यांनी निर्वासितांच्या प्रश्नावर दहा वर्षांचे धोरण आखण्याची दुरुस्ती मांडली. लॉर्ड्सने ती घेतली, कॉमन्सने काढली. निर्वासित म्हणजे काय, हे त्या बाकावर काहींना अनुभवाने ठाऊक होते : चेम्सफर्डच्या बिशप गुली फ्रान्सिस-दहकानी या इराणमधून लहानपणी पळून आलेल्या.

आणि मग नोव्हेंबर २०२४. चर्चशी संबंधित जॉन स्मिथ या माणसाने मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणात चर्चने, आणि आर्चबिशप म्हणून वेल्बी यांनी, पुरेसे काही केले नाही, असा चौकशी अहवाल आला. वेल्बींना राजीनामा जाहीर करावा लागला. ५ डिसेंबरला घरांच्या आणि बेघरांच्या प्रश्नावर लॉर्ड्समध्ये चर्चा होती. वेल्बींनी तिथे आपल्या जाण्यावर हलकेफुलके विनोद केले. सभागृहात हशा पिकला. पीडितांना तो लागला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माफी मागितली. त्या दिवशी बेघरांबद्दल जे सांगायचे होते, ते कोणाच्या लक्षातही राहिले नाही.

माझे मत

या सगळ्या नोंदींतून मी एका निष्कर्षाला आलो आहे. बिशपांनी सामाजिक धोरणाला जे चांगले दिले, ते जवळजवळ सगळे साक्षीतून आले. मतांनी जिथे निकाल ठरवला, तिथे १८३१ ची लाज आहे आणि १९११ ची सुटका. २०१६ ची दुरुस्ती ९२ मतांच्या फरकाने मंजूर झाली. सगळे २६ बिशप त्या दिवशी घरी राहिले असते तरी ती मंजूर झाली असती. पण ती मांडायला बटलर नसते तर काय झाले असते, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून बोलण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि दुरुस्ती मांडण्याचा हक्क राहावा, आणि मताचा हक्क सोडून द्यावा, असे मला वाटते. त्यामुळे एक जुना अन्यायही मिटेल. लॉर्ड्सचे कायदे स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडलाही लागू होतात. आयर्लंडमधल्या चर्चचे अधिकृतपण १८७१ मध्ये संपले, वेल्समधल्याचे १९२० मध्ये, आणि स्कॉटलंडच्या चर्चला बिशपच नाहीत. तिथल्या लोकांवर इंग्लंडच्या एका चर्चचे मत का चालावे, याचे समाधानकारक उत्तर मला कुठेही मिळाले नाही. इतर धर्मांच्या आणि पंथांच्या, किंवा धर्म न मानणाऱ्यांच्या तोलामोलाच्या साक्षीदारांनाही त्याच अटीवर जागा देता येईल.

यावर आक्षेप असा, की मत नसलेल्याचे सभागृह ऐकत नाही. हा आक्षेप हलका नाही. संसद ही शेवटी मते मोजणारी संस्था आहे. पण पॅकर यांचे २५२ जणांनी ऐकले ते त्यांच्या खिशात एक मत होते म्हणून ऐकले नाही. लीड्सच्या वस्त्यांत एका आठवड्याच्या पाचशे पौंडांत काय भागते आणि काय भागत नाही, हे त्यांना माहीत होते, आणि समोरच्या मंत्र्यापेक्षा नीट माहीत होते. ते माहीत असणारा माणूस त्या बाकावर बसायला हवा. त्याने प्रार्थना सांगावी, मग उभे राहून काय पाहिले ते सांगावे, आणि हात वर करायचे काम लोकांनी ज्यांना त्यासाठी जबाबदार धरता येईल अशांवर सोडावे.